पारनेरच्या वस्तीवरचं दोऱ्याचं झाड

पंचाण्णवच्या मे महिन्यात मी नगरला निघाले, तेव्हा आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, "कोण गेलं?" त्या दिवसांत कोल्हापूर सोडून तिकडच्या फुफाट्यात माणूस दुसऱ्या कशासाठी जाईल, हे कुणाच्या डोक्यात येईना. मी सांगितलं, "झाड गेलं." लोकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विषय सोडून दिला.

झाड खरंच गेलं होतं. मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. आयुष्यभर कानाला हेडफोन आणि त्यात सगळ्या जगाची बडबड. कुणाचं बारसं, कुणाचं मयत, कुणाच्या कांद्याचा भाव. पलीकडून आवाज आला नाही तर दोनदा "हॅलो" म्हणायचं आणि कॉर्ड ओढून घ्यायची, कारण मागे दहाजण ताटकळलेले असायचे. एवढं बोलणं कानांतून गेल्यावर न बोलणारं काहीतरी जवळ असावं असं वाटू लागलं, आणि मी गच्चीवर तेलाच्या डब्यांत डे-लिली लावू लागले. ह्या फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. पहाटे उमलतं, संध्याकाळी मान टाकतं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर दुसरं फूल येतं. पहाटेच्या वेळी एका फुलातला पिवळा पराग कुंचल्यानं उचलून दुसऱ्या फुलाच्या मधल्या लांब काडीच्या टोकाला लावला, की कधीकधी बोंड धरतं. त्या बोंडातल्या बियांतून कुठल्या रंगाचं काय येईल हे दोन-तीन वर्षांनी पहिलं फूल उमलेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

अशाच दोन फिकट पिवळ्यांतून मला एकदा दुधावरच्या सायीच्या रंगाचं फूल मिळालं. त्याचं नाव मी 'साय' ठेवलं. मी लग्न केलं नाही, घर भाड्याचं, नोकरी दुसऱ्यांचे फोन जोडून देण्याची. स्वतःहून केलेली अशी माझी ती एकच गोष्ट. पण कोल्हापूरचा पाऊस आणि शेजारचे आप्पा, दोघे तिच्या मुळावर उठले होते. आप्पा पहाटे आकडीची काठी घेऊन येत आणि मी पराग लावलेली फुलंच नेमकी देवपूजेला नेत. देवाला नाही कसं म्हणायचं? सायीचं बोंड कधी धरू दिलंच नाही त्यांनी. गेल्या पावसाळ्यात सायीचा गड्डा सडला. तिचे आईबाप आधीच्याच एका पावसाळ्यात गेले होते. उरला तो फक्त पराग, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत वाळवून फ्रिजमध्ये ठेवलेला.

तो मी मार्चमध्ये एका ओळखीच्या माणसाबरोबर मार्थाबाईंकडे पाठवला. मार्थाबाई भिंगारच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पुण्याच्या एका फुलांच्या प्रदर्शनात आमची गाठ पडली, तेव्हापासूनची ही मैत्री. त्यांच्याकडे विटकरी रंगाची, उन्हाला दाद न देणारी डे-लिली होती. निवृत्तीनंतर ती घेऊन त्या पारनेरजवळ भावाच्या वस्तीवर राहायला गेल्या. एप्रिलमध्ये त्यांचं कार्ड आलं, 'सायीच्या परागाची चार बोंडं धरली आहेत. लाल दोरा बांधून ठेवला आहे.' पुढच्या कार्डावर, 'मी पडले. पाय मोडला. भिंगारला भाचीकडे आहे. बोंडं तुम्हीच येऊन काढा.' म्हणून मी निघाले.

भिंगार

पुण्याहून नगरच्या एसटीत मी नेहमीप्रमाणे चुकीच्या बाजूला बसले. शिरूर येईपर्यंत डावा गाल भाजून निघाला. सुप्याला पारनेरचा फाटा खिडकीतून दिसला. उद्या पुन्हा इथंच यायचं आहे, हे कळून उगाच थकायला झालं. पण मार्थाबाईंना न भेटता परस्पर वस्तीवर जाणं बरं दिसलं नसतं.

नगरच्या स्टँडवरून रिक्षानं भिंगारला गेले. लष्कराच्या हद्दीत शिरलं की झाडंसुद्धा शिस्तीत उभी असतात, बुंध्याला गेरू आणि चुना लावून. त्यापुढचा बाजार मात्र आपला नेहमीचा, हातगाड्या आणि म्हशी आणि सायकली.

मार्थाबाई खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलात? मला वाटलं, उन्हाला भिऊन बेत बदलाल."

"बदलला असता. पण बोंडं कोण काढणार?"

"वहिनीला सांगितलंय, कुणाला हात लावू देऊ नकोस. ती तशी दमदार आहे."

रात्रीच्या जेवणात हुलग्याचे शेंगोळे होते. लसणीच्या तिखट रश्शात शिजलेले, बोटाएवढे जाड. कोल्हापूरचं तिखट जिभेला लागतं, हे घशात उतरल्यावर लागतं. पाणी मागितलं तर भाचीनं पेला भरून दिला, तांब्या समोर ठेवला नाही. आमच्याकडे पाहुण्यापुढे तांब्या न ठेवणं म्हणजे अपमान. इथं आठवड्यातून कितीदा पाणी येतं ते ऐकल्यावर तो पेला मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. जेवणाआधी मार्थाबाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. अन्नासाठी, पाहुणीच्या प्रवासासाठी, आणि अगदी शेवटी जरा हळू आवाजात, त्या चार बोंडांसाठी. मला देवाचं फारसं काही नाही, पण त्या शेवटच्या वाक्याला मीही 'आमेन' म्हटलं.

वस्ती

पारनेरला एसटीतून उतरून पुढे काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. आमच्याकडे ह्याला वडाप म्हणतात. नाव काहीही असो, माणसं कोंबायची रीत तीच. एका मांडीवर माझी पिशवी आणि दुसरीवर कुणाचं तरी पोर. बाहेर बोडके डोंगर, मधूनच एखादी बाभूळ, आणि नांगरून ठेवलेली, वाट बघणारी रानं. डोळ्यांना त्रास होईल इतकं मोकळं सगळं.

वस्ती म्हणजे पाच-सहा घरं. मार्थाबाईंच्या भावजय शांतावहिनी अंगणातच उभ्या होत्या. पाया पडायला वाकल्या, मी थांबवलं. चहा गुळाचा होता. तो संपायच्या आत मी विचारलं, "झाडं कुठं आहेत?"

त्यांनी पदर सारखा केला. "दावते. पन आधी जरा ऐकून घ्या, बाई."

"काय झालं? वाळली?"

"वाळली न्हाईत. लई जोरात हायेत."

घराच्या मागच्या भिंतीलगत डे-लिलीची रांग होती. खरंच जोरात होती. मे महिन्याच्या उन्हात, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीत, एवढी हिरवी पानं पाहून मी आधी थक्क झाले. मग दांड्यांकडे लक्ष गेलं. प्रत्येक दांड्याला लाल दोरा होता. काहींना दोन-दोन, तीन-तीन. एका झुडपाच्या बुडाशी हळदकुंकू वाहिलेलं होतं.

"हे काय, वहिनी?"

शांतावहिनी भिंतीकडे बघून बोलू लागल्या. "आमच्या वन्स पहाटं उठून हितं यायच्या. कुनाशी बोलायच्या न्हाईत. फुलापुढं वाकायच्या, काडीनं हात लावायच्या, आन् दोरा बांधून जायच्या. बायांनी इचारलं, बाई काय करता? तर नुसत्या हसल्या. मंग बायांना वाटलं, नवस बोलत्यात. शाळेतली बाई, शिकलेली, ती उगं बांधंल का? एकीनं बांधला, तिची म्हस सापडली हरवलेली. झालं."

"आणि दोरा?"

"त्यो वन्सचाच. रीळ दिवळीत हुतं. मीच दिला." त्या पुढे म्हणाल्या, "आमी चर्चला जानारी मानसं. पाळकसाहेब आले, तर म्या त्यांना काय सांगू? पन मी बी एक बांधलाय. वन्सचा पाय नीट व्हावा म्हनून."

मी खाली बसले.  चष्मा पुसला आणि कामाला लागले. दोरा एकाच रिळाचा असला, तरी दोन महिने ऊन खाल्लेला दोरा आणि परवा बांधलेला दोरा सारखा कसा असेल? शोधल्यावर पार गुलाबी पडलेले चार दोरे सापडले. मार्थाबाईंचे चार. त्यातली तीन बोंडं तडकून, तीन फाकांत उघडून, रिकामी झाली होती. पिकलेलं बोंड वेळेवर काढलं नाही तर असंच होतं. नवसाचं म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता. बी खाली सांडलं होतं आणि खाली कोंबड्या होत्या.

तरी मी मातीत बोटांनी चाळत राहिले. एक काळा गोल दाणा मिळाला, तो उचलून उजेडात धरला, तोवर शांतावहिनी म्हणाल्या, "शेळीची लेंडी हाय ती, बाई." मी हात धुवायलाही पाणी मागितलं नाही. लुगड्याला पुसला.

चौथं बोंड शाबूत होतं. तपकिरी, वाळत आलेलं, टोकाला केसाएवढी चीर. एक-दोन दिवसांत उघडणार. सायीचं जगात जे काही उरलं होतं ते त्या सुपारीएवढ्या बोंडात होतं. आणि त्याच्या देठाला गुलाबी दोऱ्यावर एक नवा, लालभडक दोरा आवळून बांधलेला होता.

"हा कुणाचा?"

"सुनंदाचा. पल्याडच्या घरातली."

सुनंदा संध्याकाळी टँकरच्या पाण्याचा हंडा घेऊन आली, तेव्हा वस्तीवर हिरवळ कशी टिकली हे समजलं. येणारी प्रत्येक बाई आपल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी रांगेला घालून पुढे जात होती. पूर्वी इथं मोरीचं पाणी सोडलेलं होतं, पण नवसाच्या झाडाला खरकटं पाणी चालेना, म्हणून ते बंद केलं होतं. शेजारच्या ताराबाईंनीही पाणी घातलं. मी बघते आहे हे पाहून म्हणाल्या, "आमी बुद्धाची मानसं. नवसबिवस मानत न्हाई. पन तहानलेल्याला पानी घालायला काय हरकत हाय?" मार्थाबाई अंथरुणाला खिळल्यावर ही झाडं त्या पाण्यावर जगली. ज्या समजुतीनं माझं बी मातीत घालवलं, तिनंच झाडं राखली होती, आणि मला रागवायलासुद्धा जागा उरली नाही.

सुनंदा तिशीच्या आतली, हाडकुळी. तिच्या पदराआड चारेक वर्षांची मुलगी होती, मोठ्या डोळ्यांची.

"माझ्या रानीसाठी बांधलाय," सुनंदा म्हणाली. "ऐकू समदं येतं तिला. हाक मारली की येती. पन अजून एक सबुद बोलली न्हाई. नगरला दावलं. डाक्टर म्हनले, बोलंल. कवा बोलंल त्ये न्हाई सांगितलं."

मी समजावून पाहिलं. हे बोंड माझ्या झाडाच्या परागाचं आहे, ते काढलं नाही तर फुटून वाया जाईल, तुझा दोरा सोडून दुसऱ्या दांड्याला बांधू.

"नवस असा हालवत्यात व्हय?" ती घाबरून म्हणाली. "रानी बोलली की म्या सोताच्या हातानं सोडीन. तवर न्हाई."

हे नुसतं फूल आहे, ह्यात काही नाही, असं मी तिला सांगू शकले असते. त्या रात्री भाकरी-पिठलं खाताना ते वाक्य मी तयारही करून ठेवलं होतं. पण डॉक्टरनं जे दिलं नव्हतं ते तिनं ह्या दोऱ्यात स्वतःच शोधलं होतं. ते काढून घेऊन तिच्या हातात काय ठेवायचं, हे मला सुचलं नाही.

दुसरा दिवस

दुपारी वस्ती निपचित पडली. पुरुष पारनेरच्या बाजाराला गेलेले, बाया आत आडव्या झालेल्या. मी पिशवीतली छोटी कात्री घेतली आणि मागच्या भिंतीकडे गेले. खोटं कशाला सांगू, बोंड कापून पिशवीत टाकायचं आणि दोरा शेजारच्या देठावर चढवायचा, असं ठरवूनच गेले होते. दिसायला सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं.

तिथं राणी बसली होती. भिंतीच्या वीतभर सावलीत, हातात काडी घेऊन. कोंबडी जवळ आली की ती काडी आपटायची. तिला कुणी बसवलं होतं की ती आपणहून बसली होती, देव जाणे. तिनं कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कात्री पिशवीत टाकली आणि तिच्या शेजारी बसले.

आम्ही बराच वेळ तशा बसलो. तिला बोलता येत नव्हतं आणि मला बोलायचा कंटाळा होता. इतकी वर्षं लोकांचं ऐकून शिणलेले कान त्या दुपारी पहिल्यांदा निवांत झाले असतील. मलाच वाईट वाटलं की हिच्या आईला जे दुःख आहे, त्यात मी विश्रांती घेते आहे.

ऊन भिंतीवर चढलं आणि बोंडाची चीर रुंदावली. माझ्या आधी राणीला ते दिसलं. तिनं काडी टाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ बोंडाखाली धरली.  वाऱ्याची झुळूक आली, दांडा हलला आणि मिऱ्यापेक्षा जरा लहान, काळेभोर, चकचकीत दाणे तिच्या ओंजळीत पडले. एकही खाली गेला नाही.

मी सुनंदाला हाक मारली. तिच्याबरोबर शांतावहिनीही आल्या. बोंड रिकामं, दोरा जागच्या जागी, आणि मुलीच्या हातात बी. सुनंदानं आधी देठावरचा दोरा चाचपून पाहिला. मग म्हणाली, "नवस तिचा, बी तिच्या हातात पडलं. ती दील तेवडं न्या."

मी बरोबर आणलेली, गोळ्यांची रिकामी बाटली पुढे केली. राणीनं एक दाणा आत टाकला. काचेत तो खळकन वाजला आणि ती दचकली. मग दुसरा टाकला, आणि हसली. हसण्याचाही आवाज नव्हता, पण सगळं तोंड हसलं. आवाज आवडला म्हणून ती टाकत राहिली. निम्मे झाल्यावर मूठ मिटली आणि मागे नेली. मी तिला माझ्याजवळची दुसरी रिकामी बाटली दिली. तिनं उरलेले दाणे त्यात भरले आणि वस्तीभर वाजवत हिंडली. निघताना मी सुनंदाला सगळं दाखवून ठेवलं. जुना डबा, तळाला भोकं, माती आणि वाळू, बी नखाएवढं खोल. तिनं विचारलं, "ह्याला बी दोरा बांधू?" मी म्हटलं, "बांध. डब्याला बांध." कुणी हात लावणार नाही एवढं तरी नक्की होतं.

कोल्हापूर

माझ्या वाट्याचं बी मी घरी आल्या आल्या पेरलं. गवताच्या काडीसारखे कोंब आले. आप्पांना मी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं की काठी घेऊन गच्चीवर यायचं नाही, आणि ते दुखावले. मग पाऊस लागला तो थांबेना. डबे घरात घेतले, राख घातली, दिव्याखाली ठेवले. एकेक कोंब पिवळा पडून बुडाशी मऊ होत गेला. शेवटचा गौरीच्या सुमारास गेला. तो डबा मी कितीतरी दिवस धुतला नाही. नव्यानं काही लावायचा उत्साह राहिला नाही, आणि ह्या वयात तो येईल असंही वाटत नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी फोन वाजला. मार्थाबाई पारनेरच्या एसटीडी बूथवरून बोलत होत्या.

"काठी घेऊन चालते आता. वस्तीवर परत आले. तुमचं बी कसं आहे?"

मी सांगितलं.  त्या म्हणाल्या, "सुनंदाच्या डब्यात तीन रोपं आहेत. वीतभर पानं झाली. बायका अजून पाणी घालतात."

 मी विचारलं, "आणि राणी?"

"नाही अजून. सुनंदा आणि ती इथंच आहेत, माझ्याबरोबर बाजाराला आल्यात. थांबा, फोन ओढतेय ती. देते."

रिसीव्हर कुठंतरी आपटला. मग काहीच ऐकू येईना. बूथवरचा रस्ता, एक हॉर्न, आणि अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. मी म्हटलं, "हॅलो." जुन्या सवयीनं पुन्हा म्हटलं, "हॅलो." दोनदा झालं. इथं मी आयुष्यभर कॉर्ड ओढत आले.

आणि मग कानाशी काचेच्या बाटलीत दाणा वाजला. तिनं एक पेरला नव्हता. खळ्, आणि थांबून पुन्हा खळ्. बूथवाल्याचा मीटर चालू होता, मागे कुणीतरी घाई करत होतं. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्ची ओढून बसले.